खाणमालकाचा वाडा आणि नगरपालिकेची कचेरी: घ्यावा की सोडावा?

माजी मास्तर

गोव्यातल्या आमच्या खाणपट्ट्यातील एका गावात, बाजारपेठेच्या वरच्या अंगाला, एका खाणमालकाचा वाडा गेली काही वर्षे कुलूपबंद आहे. गावाचे आणि घराण्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका घराण्याचा नाही आणि डिचोलीपासून सांग्यापर्यंत असे वाडे एकाहून अधिक आहेत. मागच्या बाजूला चिऱ्याच्या जाड भिंतींचे, राजांगणाचे (आतल्या उघड्या चौकाचे) आणि तुळशी वृंदावनाचे मूळ घर, आणि पुढे, खनिजाचा पैसा खुळखुळू लागल्यावर, १९५०च्या दशकात चढवलेला दुमजली सिमेंटचा दर्शनी भाग, असे त्याचे रूप आहे. वारसांनी तो विकायला काढल्याचे कानावर येते. एखाद्या बिल्डरने घेऊन तो पाडण्यापूर्वी नगरपालिकेने तो विकत घ्यावा आणि आपले कार्यालय तिथे न्यावे, असे माझे मत आहे. सध्याचे कार्यालय एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर असून घरपट्टी भरायला आलेली म्हातारी माणसे अर्ध्या जिन्यात बसून दम खातात, हे मी दर वर्षी पाहतो.

मत हवेतले वाटू नये म्हणून एक परदेशी उदाहरण तपशिलाने मांडतो. इंग्लंडच्या वायव्य भागात, लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधोमध, मर्सी नदीच्या काठी वॉरिंग्टन नावाचे शहर आहे. थॉमस पॅटन हा तिथला तांब्याचा कारखानदार. नदी खोल करून तिच्यातून जहाजे वॉरिंग्टनपर्यंत आणण्याचे काम त्याच्याच घराण्याने आधीच्या पिढीत केले होते. या पॅटनने १७५० साली ‘बँक हॉल’ नावाचा वाडा बांधून घेतला, आणि तोही जेम्स गिब्ज या वास्तुविशारदाकडून, ज्याने लंडनमधले सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च उभारले. या वाड्याची मला सर्वांत भावणारी गोष्ट त्याच्या दर्शनी खांबांत नाही, ती पायात आहे. तांबे गाळल्यावर उरणारी धातुमळी साच्यात ओतून तिचे ठोकळे पाडले आणि तेच या वाड्याच्या पायात घातले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर डंपवरची, म्हणजे खाणीबाहेर टाकलेल्या ढिगावरची, माती पायात घालून वर महाल चढवला.

वॉरिंग्टनला नगर म्हणून सनद मिळाली १८४७ साली, पण नगराला साजेसे सभागृह पुढची पंचवीस वर्षे नव्हते. अखेर १८७२ साली पॅटनचे वंशज कर्नल जॉन विल्सन-पॅटन यांच्याकडून नगराने तो वाडा आणि भोवतालची जमीन विकत घेतली. वाडा नगरभवन झाला आणि जमिनीची सार्वजनिक बाग झाली, व दोन्ही गोष्टी आजही आहेत. पुढे १८९५ साली फ्रेडरिक मंक्स या लोखंडाच्या कारखानदाराने, जो स्वतः नगरसेवकही होता, वाड्यासमोर लावण्यासाठी एक भव्य ओतीव लोखंडी फाटक नगराला भेट दिले. हे फाटक कोलब्रुकडेलच्या ओतशाळेने १८६२च्या लंडन प्रदर्शनासाठी घडवले होते आणि त्याच्या खांबांवर पंख असलेल्या विजयदेवता उभ्या आहेत. ते राणी व्हिक्टोरियाच्या सँड्रिंगहॅम येथील निवासासाठी होते, पण प्रदर्शनात फाटकापाशी ऑलिव्हर क्रॉमवेलचा पुतळा दिसल्याने राणीने तोंड फिरवले, असे सांगतात. राजाचे डोके उडवणाऱ्याच्या शेजारचे फाटक राणीने का घ्यावे! खरे-खोटे काहीही असो, राणीसाठी घडवलेल्या फाटकातून आज कर भरणारा सामान्य माणूस आत जातो. मला आमच्या गावासाठी नेमके हेच हवे आहे.

गोव्याला ही कल्पना नवी नाही. पणजीचा आदिलशहाचा राजवाडा पाहा. १५१० साली पोर्तुगीजांनी तो जिंकला, १७५९पासून १९१८पर्यंत तिथे व्हाइसरॉय आणि गव्हर्नर राहिले, नंतर सचिवालय आले, आणि मुक्तीनंतर आपली विधानसभा २००० साली पर्वरीला जाईपर्यंत त्याच भिंतींत भरत होती. ज्या जिन्यावरून विजरई उतरत त्यावरून आपण निवडून दिलेले आमदार चढले, यात काही वावगे झाले असे आजवर कुणी म्हटलेले मी ऐकले नाही.

अंत्रूजकर

मास्तर, आपले लेखन नेहमीप्रमाणे वाचनीय आहे, पण मी आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे, आणि असहमतीची सुरुवात आपल्याच उदाहरणापासून करतो.

वॉरिंग्टनची गोष्ट आपण अर्धीच सांगितलीत. पॅटन घराण्याच्या तांब्या-पितळेच्या धंद्यातून कोणता माल निघत असे, हे आपण वगळले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चलन म्हणून चालणारी धातूची कडी त्यात होती, आणि ही कडी देऊन तिथे माणसे विकत घेतली जात. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर, जिथे हीच विकलेली माणसे राबत, रस आटवण्यासाठी लागणारी तांब्याची भांडीही त्याच धंद्याची गिऱ्हाइकी होती. पायातली धातुमळी आपल्याला भावली, कारण ती काव्यमय आहे. त्या मळीसोबत आणखी काय पायात गेले, ते वाड्याचे नगरभवन झाल्यावर कुणाला दिसत नाही, आणि माझा आक्षेप इथेच आहे. एखाद्या घराला नगरपालिकेची पाटी लागली की त्या घराचा इतिहास धुऊन निघतो. मग उरते ते फक्त ‘सुंदर वास्तू’ आणि ‘दानशूर घराणे’.

आदिलशहाच्या राजवाड्याशी तुलनाही पटत नाही. तो राजवाडा आपण कुणाकडून विकत घेतला नाही. सत्ता गेली तशी सत्तेची वास्तूही गेली. इथे आपण म्हणता की नगरपालिकेने बाजारभावाने पैसे मोजावेत. कुणाला? जमिनीखालचे खनिज लोकांच्या वतीने राज्याच्या मालकीचे असते. पोर्तुगीजांनी वाटलेल्या खाण सवलती १९८७च्या कायद्याने रद्द करून त्यांचे भाडेपट्टे झाले. २००७ साली ते संपले, तरी उपसा चालूच राहिला, आणि एप्रिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने गोव्याचे नुकसान ३४,९३५ कोटी रुपये इतके मांडले होते. तो आकडा वादग्रस्त आहे हे मान्य, पण त्यातले निम्मे जरी खरे धरले तरी डोळे पांढरे होतात. फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणही न्यायालयाने रद्द केले. अशा परिस्थितीत त्याच पैशाने उभा राहिलेला दर्शनी भाग लोकांनी पुन्हा पैसे देऊन घ्यायचा, म्हणजे आपल्याच झाडाचे नारळ बाजारातून विकत आणण्यासारखे आहे.

आणि पैसे कुठून येणार, हेही मास्तरांनी सांगितलेले नाही. मला भीती आहे ती लोहखनिजाच्या कायम निधीची. २०१४च्याच निकालात न्यायालयाने खनिज विक्रीच्या उत्पन्नातील दहा टक्के बाजूला काढून असा निधी उभारायला सांगितले, तो पुढच्या पिढ्यांसाठी. उद्या एखादा हुशार नगरसेवक उठून ‘वारसा हा पुढच्या पिढ्यांसाठीच असतो’ असे म्हणेल आणि त्या निधीतून वाडा घेण्याची मागणी करेल. कृपया त्याच्या हाती हा युक्तिवाद देऊ नका.

चिरेबंदी

मी जुन्या घरांच्या डागडुजीचे काम करते, त्यामुळे नैतिक वादात न पडता मास्तरांच्या प्रस्तावातल्या एका शब्दावर बोलते. तो शब्द म्हणजे ‘कार्यालय’. वाडा वाचवायचा असेल तर त्यात नगरपालिकेची कचेरी नेऊ नये, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

राजांगण म्हणजे शोभेचा चौक नव्हे, ते घराचे फुफ्फुस आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. चारही बाजूंच्या उतरत्या कौलांचे पाणी राजांगणात उतरते आणि तिथून मोरीवाटे बाहेर जाते. उरलेल्या आठ महिन्यांत गरम हवा त्याच वाटेने वर निघते. कचेरी आली की पहिली मागणी असते ती राजांगण झाकण्याची, कारण फाइली भिजतात आणि तेवढी जागा ‘वाया जाते’. अशाच एका जुन्या घरात, जे एका सरकारी खात्याला भाड्याने दिले होते, राजांगणावर प्लास्टिकचे पत्रे टाकल्यानंतर दोनच पावसाळ्यांत आतल्या चारही भिंतींना माणसाच्या छातीपर्यंत ओल चढलेली मी पाहिली. मग ओल दिसू नये म्हणून सिमेंटचा गिलावा मारला गेला. चिरा हा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी ओढतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते पुन्हा बाहेर सोडतो. सिमेंटने ते दार बंद केले की पाणी आतच राहते, क्षार फुलतात आणि चिऱ्याचा भुगा होऊ लागतो. भिंत बाहेरून टकाटक आणि आतून पोकळ, अशी अवस्था होते.

वजनाचेही तसेच आहे. लाकडी तुळयांवरच्या तक्तपोशीवर लग्नाची पंगत बसू शकते, कारण पंगत उठते. जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांनी आणि बांधकाम परवान्यांच्या फाइलींनी भरलेली लोखंडी कपाटे उठत नाहीत.

मास्तरांच्या वॉरिंग्टनमध्येही नगराचा सगळा कारभार त्या एका वाड्यात कोंबलेला राहिला नाही. सभागृह आणि महापौरांचे दालन तिथे, आणि खात्यांच्या कचेऱ्या वाढतील तशा शहरात अन्यत्र, अशी व्यवस्था होत गेली. पोलंडमधल्या वूच या कापडगिरण्यांच्या शहरातले उदाहरण आणखी बोलके आहे. युलिउश हाइन्झेल हा लोकरीचा कारखानदार. त्याने १८८०च्या सुमारास मुख्य रस्त्यावर वाडा बांधला, छतावर उद्योग आणि व्यापार यांचे पुतळे बसवले, आणि मागच्या बाजूला त्याचा कारखाना होता. आज तिथे शहराची महापालिका आहे. म्हणजे दर्शनी वाडा मानाच्या कामाला आणि राबता मागच्या जागेत, ही रचना मालकानेच मुळात केलेली असते. आपल्याकडेही पुढच्या सिमेंटच्या भागात पालिकेची सभा भरवावी, राजांगणाचे घर वाचनालयाला किंवा नोंदींच्या प्रदर्शनाला द्यावे, आणि मागच्या परसात तळमजल्यावर साधी, उताराची वाट असलेली नवी कचेरी बांधावी. मास्तरांच्या म्हाताऱ्यांना तेव्हाच खरा दिलासा मिळेल, कारण वाड्यालाही जिना आहेच आणि तो संकुलाच्या जिन्यापेक्षा उभा आहे.

रायबंदरचा पांथस्थ

एवढे सगळे करण्यापेक्षा सरळ संग्रहालय का करू नये? पणजीत माकिनेझ राजवाड्याचे आधी रुग्णालय झाले आणि २००४पासून तो परिसर चित्रपट महोत्सवाचा झाला. आल्तिनोवर साळगावकर घराण्याच्या घरात सुनापरान्त हे कलाकेंद्र चालते. खाणपट्ट्यालाच नगरपालिकेचा हट्ट कशासाठी?

माजी मास्तर

कारण पणजीत पर्यटक येतात आणि आमच्याकडे ट्रक येत असत, आणि आता तेही पूर्वीसारखे येत नाहीत. संग्रहालयाला पहिल्या वर्षी मंत्री येतील, दुसऱ्या वर्षी शाळेच्या सहली येतील आणि तिसऱ्या वर्षी रखवालदार एकटा उरेल. नगरपालिकेत मात्र माणूस जन्माच्या दाखल्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत येतच राहतो. वास्तू वापरात राहिली तरच तिचे छप्पर दर पावसाळ्याआधी शाकारले जाते.

सासष्टीचा वकील

चर्चा रंगली आहे, पण घ्यावा की न घ्यावा हे ठरवण्याआधी घेता येईल का, हे कुणी विचारलेले नाही. बाहेरच्या वाचकांना कल्पना नसेल म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गोव्यात वारसाहक्काची मुळे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहेत, जी इथे १८७०पासून लागू झाली. २०१२चा आपला वारसा कायदा, जो २०१६च्या अखेरीस अमलात आला, त्याच चौकटीवर उभा आहे. विवाहाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, हा इथला सर्वसाधारण नियम आहे. मालक मेला की अर्धा हिस्सा जोडीदाराचा राहतो आणि उरलेल्या अर्ध्याचे वाटे पडतात. मृत्युपत्र करूनही माणूस आपल्या वाट्याच्या निम्म्याहून अधिक मालमत्ता मुलांना डावलून देऊ शकत नाही, आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. न्यायाच्या दृष्टीने ही व्यवस्था मला उर्वरित देशापेक्षा सरस वाटते, परंतु मोठ्या घरांच्या दृष्टीने ती जीवघेणी ठरते. तीन पिढ्यांत एका वाड्याचे तीस-चाळीस हिस्सेदार होतात, स्थावर विकायचे तर प्रत्येकाच्या जोडीदाराचीही संमती लागते, आणि त्यांतला एक लिस्बनला, एक टोरांटोला, एक मुंबईत आणि एक त्याच वाड्याच्या मागच्या खोलीत राहत असतो, जो सही करायला कधीच तयार नसतो. गोव्यातल्या बंद वाड्यांची कुलपे बहुतेक ठिकाणी गंजलेली दिसतात ती वारसांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर किल्ल्या फार जास्त असल्यामुळे.

वारसांचे एकमत नसेल तर इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची, कार्यवाही न्यायालयात चालवावी लागते, आणि तिच्यात वारसांना आपसांत बोली लावून मालमत्ता घेता येते. त्या बोलीत नगरपालिकेला स्थान नाही. तिने थांबायचे आणि जो वारस घेईल त्याच्याशी नंतर बोलायचे. दुसरा मार्ग २०१३च्या भूसंपादन कायद्याचा. तिथे सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि सुनावण्या आल्या, आणि अंत्रूजकरांना हे विशेष खटकेल, की शहरी भागात बाजारभावाइतकीच रक्कम दिलासा म्हणून वर द्यावी लागते. म्हणजे सक्तीने घेतला तर वाडा साधारण दुप्पट महाग पडतो. विल्सन-पॅटन एकटे मालक होते, त्यांनी विकला आणि नगराने घेतला. आपल्याकडचा कर्नल चाळीस माणसांत वाटला गेलेला आहे.

तरीही मास्तरांना माझा पाठिंबा आहे, आणि तो याच कारणाने. चाळीस हिस्सेदारांना एकत्र आणण्याची चिकाटी कुणाकडे असते? बिल्डरकडे असते, कारण तो दहा वर्षे थांबून एकेक सही गोळा करू शकतो. त्याच्यासमोर उभी राहू शकेल आणि जिची मुदत निवडणुकीबरोबर संपली तरी जिचे दफ्तर चालू राहील, अशी गावात एकच संस्था आहे, ती म्हणजे नगरपालिका. तिने निदान आज ठराव करून आपला रस नोंदवून ठेवावा.

अंत्रूजकर

वकीलसाहेब, आपण अडचणी सांगता सांगता माझीच बाजू भक्कम केलीत आणि शेवटच्या परिच्छेदात मास्तरांच्या पंगतीत जाऊन बसलात. दुप्पट किंमत मोजायची, दहा वर्षे थांबायचे, आणि त्यानंतर चिरेबंदी बाईंच्या म्हणण्याप्रमाणे कचेरीसाठी वेगळी इमारत बांधायची. एवढ्या खर्चात खाणपट्ट्यातल्या किती विहिरी उपसून पुन्हा पाण्याला लावता येतील, हा हिशेब मांडायला कुणी तयार नाही. खाणीचे खड्डे भूजलपातळीच्या खाली गेले आणि आसपासच्या विहिरी आटल्या. पावसाळ्यात डंप धुऊन येणारा लाल गाळ शेतांत बसला. पॅटनची मळी निदान त्याच्याच पायात गेली. आमची मळी दुसऱ्यांच्या भातशेतीत गेली.

मुंडकाराची नात

मी या चर्चेत लिहू की नको असा बराच वेळ विचार केला. मास्तर ज्या प्रकारच्या वाड्याबद्दल लिहितात, तशाच एका वाड्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, आमचे घर होते. आजोबा मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारे; १९७५च्या मुंडकार कायद्यानंतर घराखालची जमीन आमच्या नावावर व्हायलाही बरीच वर्षे गेली. आजी सुरुवातीच्या काळात खाणीवर होती. तेव्हा यंत्रे थोडी होती आणि बायका हाताने खनिज निवडत, टोपल्यांनी वाहत. वाड्यात ती जात असे, पण मागच्या दाराने, आणि तिथल्या न्हाणीच्या पलीकडे तिने कधी पाऊल टाकलेले नाही.

त्यामुळे मास्तरांचे ‘राणीचे फाटक सामान्यांना उघडले’ हे वाक्य वाचून मला भरून आले, हे मी लपवत नाही. आणि अंत्रूजकरबाब म्हणतात ते धुऊन निघण्याचे भयही मला खरे वाटते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, पण त्यावर मला अधिक बोलायचे नाही. मला वेगळीच गोष्ट विचारायची आहे. वाडा घेण्याच्या या सगळ्या चर्चेत कुणी कागदांबद्दल का बोलत नाही?

पणजीत जुन्या सचिवालयाला लागूनच म्हामाय कामतांचे घर आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले हे मोठे व्यापारी आणि दलाल घराणे. फ्रेंचांचेही ते गोव्यातले प्रतिनिधी होते. आज आपल्याला ठामपणे सांगता येते की या घराचा व्यवहार अफूचा होता आणि गुलामांचाही होता, ते कशावरून? भिंतींवरून नव्हे. त्या घराण्याचे कागद पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये पोचले आणि अभ्यासकांनी ते वाचले म्हणून. पोर्तुगीज आणि फ्रेंच पत्रे आहेत, मोडीतले हिशेब आहेत. ज्यात माणसांची किंमत लिहिलेली असते असा कागद घराण्याने जाळून टाकला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

खाणमालकांच्या वाड्यांतही असे कागद असणारच. १९४७ साली गोव्यातून लोहखनिजाची निर्यात सुरू झाली, पुढे जपानला जहाजे भरभरून गेली, आणि प्रत्येक बार्जची पावती, प्रत्येक आठवड्याचा हजेरीपट कुणीतरी कारकुनाने लिहिलेला आहे. आजीचे नाव त्यात असेल तर ते कोणत्या नावाने आणि किती मजुरीपुढे, हे मला पाहायचे आहे. वाड्याचे जे व्हायचे ते होवो. दर वर्षी वाळवी थोडे थोडे खाते आणि दर वर्षी कुणीतरी वारस ‘जुनी रद्दी’ म्हणून दोन पोती भंगारवाल्याला देतो. चिऱ्याची भिंत अजून पन्नास वर्षे थांबेल, हजेरीपट थांबणार नाही.

माजी मास्तर

बाय, आपण लिहिलेत ते मला सुचायला हवे होते. वॉरिंग्टनच्या वाड्याचा पाया सांगताना मी मळीच्या ठोकळ्यांवर थांबलो आणि अंत्रूजकरांनी कड्यांचा उल्लेख केल्यावर थोडा रागावलोही होतो. आता लक्षात येते की त्यांना ती माहिती वाड्याने दिलेली नव्हती.

माझ्या प्रस्तावात दोन बदल करतो. चिरेबंदी बाईंचे म्हणणे मान्य करून कचेरी परसात आणि सभा वाड्यात. राजांगण झाकायचे नाही, हे ठरावातच लिहिले जावे. दुसरे, वाडा विकत घेण्याची वाट न पाहता नगरपालिकेने आजच वारसांना पत्र लिहून घरातील सर्व खातेवह्या, हजेरीपट आणि पावत्या ताब्यात, निदान छायाप्रतीसाठी, मागाव्यात. कागदांना चाळीस सह्या लागणार नाहीत, असे मी धरून चालतो. वकीलसाहेबांनी चूक असेल तर सांगावे.

सासष्टीचा वकील

काटेकोर बोलायचे तर कागदही वारशाचाच भाग आहेत. पण छायाप्रतीला हरकत घेणारा वारस न्यायालयात जाण्याचा खर्च करणार नाही. मागच्या खोलीत राहणाऱ्याला आधी भेटा. किल्ली त्याच्याकडे असते.

अंत्रूजकर

कागदांच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, आणि तो लेखी समजावा. किमतीबाबत मात्र मी जागचा हललेलो नाही. नगरपालिकेने सौदा करायचाच असेल तर तो कागद वाचून झाल्यावर करावा. कोणत्या वर्षी किती टन गेले, किती मजुरीने गेले आणि दर्शनी भागाचे सिमेंट कोणत्या वर्षी आले, हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर वाड्याची जी किंमत निघेल ती मला मंजूर असेल, मग ती शून्याच्या वर असो की खाली.

मुंडकाराची नात

मागच्या खोलीत राहणाऱ्या बाबांना मी ओळखते. आईबरोबर दर चतुर्थीला आम्ही त्यांच्याकडे गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान घेऊन जातो. यंदा गेले की विचारून येते.